लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : हृदयाचा लाभ आणि स्नायूंचे मोल

दहाव्या शतकात स्पेनच्या उत्तरेस लिओन नावाचे एक ख्रिस्ती राज्य होते. इ. स. ९५६ मध्ये त्याच्या गादीवर सांचो पहिला हा राजा बसला. इतिहासाने त्याला 'लठ्ठ सांचो' याच नावाने स्मरणात ठेवले आहे. त्याचे शरीर इतके वाढले होते, की घोड्यावर मांड ठोकणे त्याला जमत नसे, आणि ज्या काळी राजाने स्वतः सैन्यापुढे दौडत जावे अशी अपेक्षा असे, त्या काळी हा दोष लहान नव्हता. दोन वर्षांतच, ९५८ मध्ये, सरदारांनी त्याला पदच्युत केले. त्याची आजी तोडा ही नवारची राणी. तिने आपला अभिमान बाजूस ठेवला आणि ज्याच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर होते त्या कॉर्दोबाच्या खलिफाकडे, तिसऱ्या अब्दुर्रहमानकडे, नातवासाठी वैद्याची याचना केली. खलिफाच्या दरबारी हस्दाय इब्न शप्रुत हा विद्वान ज्यू वैद्य होता. ख्रिस्ती राजा, मुस्लिम खलिफा आणि ज्यू वैद्य अशी ही त्रयी एका रोग्याच्या निमित्ताने एकत्र आली. सांचोचे वजन उतरले, आणि खलिफाच्या फौजेच्या साह्याने त्याने आपली गादी परत मिळवली.

वैद्याने राजाचे ओठ शिवून टाकले आणि त्याला केवळ नळीने पातळ औषधे पाजली, असे पुढे लोक सांगू लागले. जुन्या बखरीत मात्र एका वनस्पतीच्या औषधाचाच काय तो उल्लेख आहे. ओठ शिवल्याची गोष्ट बहुधा नंतरच्या काळात रचली गेली असावी. तरीही ती टिकून राहिली याचे कारण उघड आहे. अन्नाच्या वाटेवर शरीरातच एखादा बांध घालावा, ही कल्पना माणसाच्या मनात फार पूर्वीपासून घोळत होती. ती प्रत्यक्षात उतरण्यास पुढे हजार वर्षे लागली. तिने हृदयाला काय दिले आणि शरीरातील स्नायूंकडून काय घेतले, याचा इतिहास आज आपल्या कुटुंबांनीही जाणून घ्यावा असा आहे. आता ही शस्त्रक्रिया दूरदेशीची राहिलेली नाही. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत ती नित्य होते, आणि तिच्याविषयीचे निर्णय आपल्या घरांतही घेतले जाऊ लागले आहेत.

लठ्ठपणा आणि दोषारोप

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप महान ग्रेगरी यांनी प्रमुख दुर्गुणांची जी यादी मांडली, तीत खादाडपणाचा समावेश होता. त्या यादीचा रोख अतिरेकी वासनेवर होता. कोणाच्या शरीराच्या घेरावर नव्हता. परंतु काळाच्या ओघात लोकांनी सोपे समीकरण मांडले : जो लठ्ठ, तो खादाड, आणि जो खादाड, तो दोषी. हे समीकरण इतके रुजले, की लठ्ठ माणसाच्या दुखण्याला दुखणे म्हणण्यासही समाज राजी नसे.

या समजुतीला एक मोठा धक्का १९८६ मध्ये बसला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील दत्तक गेलेल्या ५४० प्रौढ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. या व्यक्तींची शरीरयष्टी त्यांना जन्म देणाऱ्या आईवडिलांशी जुळत होती; ज्यांच्या घरी त्या वाढल्या, ज्यांच्या ताटात जेवल्या, त्यांच्याशी नव्हे. याचा अर्थ खाण्यापिण्याला महत्त्व नाही असा नाही. परंतु सारखेच अन्न खाऊन एकाचे शरीर साठवते आणि दुसऱ्याचे साठवत नाही, यामागे रक्तातून आलेला वारसा असतो, हे त्यातून स्पष्ट झाले.

भुकेने हृदयाचे काय होते ?

वजन घटणे म्हणजे आरोग्य, असे आपण सहज म्हणतो. पण शरीर उपाशी राहिले तर काय काय घटते, याचा सर्वांत काटेकोर अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झाला. मिनेसोटा विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ३६ तरुणांना विद्यापीठाच्या क्रीडागाराखालील प्रयोगशाळेत ठेवून घेतले. हे तरुण सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे होते. त्यांतील बरेचजण क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरेन अशा शांततावादी ख्रिस्ती पंथांचे होते. युरोपात उपासमारीने गांजलेल्या लाखो लोकांना पुन्हा कसे सावरावे हे कळावे, म्हणून त्यांनी स्वतःला उपाशी ठेवण्यास संमती दिली. २४ आठवडे त्यांना निम्म्याच्या आसपास आहार मिळाला : बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. शिवाय आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे सक्तीचे होते.

त्यांचे वजन सुमारे एकचतुर्थांशाने उतरले. पण केवळ चरबी गेली नाही. दंड आणि मांड्या वाळल्या, जिना चढताना पाय थरथरू लागले. विश्रांतीतील नाडी मिनिटाला सुमारे ५५ ठोक्यांवरून ३५ पर्यंत उतरली आणि हृदयाचा आकारच लहान झाला. कीज यांचा हा ग्रंथ १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. हृदय हाही एक स्नायूच आहे, आणि अन्न तुटले की शरीर आपल्या स्नायूंना जाळू लागते तेव्हा ते हृदयालाही पूर्णपणे वगळत नाही, हे त्यातील निरीक्षण पुढील साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. वजन आणि उंची यांवरून काढल्या जाणाऱ्या ज्या आकड्याला आज डॉक्टर बी. एम. आय. म्हणतात, त्याला ते नाव १९७२ मध्ये याच कीज यांनी दिले. सूत्र मात्र एकोणिसाव्या शतकातील बेल्जियन गणिती केतले यांचे होते.

अतिभाराने हृदयाचे काय होते ?

दुसऱ्या टोकाचे चित्र १९५६ मध्ये बोस्टनमधील डॉक्टरांनी मांडले. सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका अतिस्थूल व्यापाऱ्याची हकिगत प्रसिद्ध केली. हा गृहस्थ पोकर खेळत असताना हाती तीन एक्के आणि दोन बादशहा अशी जिंकणारी पाने येऊनही बसल्या जागी झोपी गेला. डाव हातचा गेला, आणि तो उपचारासाठी दाखल झाला. चार्ल्स डिकन्स यांच्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत उभ्या उभ्या घोरणारा जो नावाचा एक लठ्ठ नोकर आहे. त्याच्यावरून या विकाराला पिकविकचे नाव मिळाले. छातीवरील व पोटावरील भारामुळे अशा माणसाचा श्वास उथळ होतो, रक्तातील प्राणवायू कमी पडतो, फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब चढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकत जाते.

डाव्या बाजूचे दुखणे वेगळे. शरीरात साठलेल्या चरबीलाही रक्त लागते. वजन वाढते तसे रक्ताचे एकूण प्रमाण वाढते आणि प्रत्येक ठोक्याला हृदयाला अधिक रक्त ढकलावे लागते. त्यात रक्तदाबाची भर पडली, की डावी जवनिका आधी ताणली जाते आणि मग तिची भिंत जाड होते. जाड झालेली भिंत आकुंचन पावते, परंतु सैल होण्यास वेळ घेते. रक्त आत नीट भरत नाही आणि चार पावले चालताच दम लागतो. हमालाचे दंड ओझ्याने फुगतात. पण त्याला रात्री तरी ओझे उतरून ठेवता येते. हृदयाला ती सोय नाही.

म्हणजे वजन अफाट वाढले तरी हृदयाला धोका, आणि उपासमारीने उतरवले तरी धोका. या दोहोंच्या मधली वाट शल्यविशारदांना शोधायची होती. ती त्यांना एकदम सापडली नाही.

आतड्यावरचा पहिला प्रयोग

१९५२ मध्ये स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील शल्यविशारद व्हिक्टर हेन्रिक्सन यांनी लठ्ठपणावरील उपचार म्हणून लहान आतड्याचा एक लांब तुकडा काढून टाकल्याची हकिगत प्रसिद्ध केली. १९५४ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातील क्रेमेन, लिनर आणि नेल्सन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांच्या आधारे वेगळा मार्ग दाखवला : आतडे कापून न काढता त्याचा बराचसा भाग वळणमार्गाने टाळायचा, म्हणजे खाल्लेले अन्न रक्तात शोषलेच जाणार नाही. पुढील दोन दशकांत हजारो अमेरिकी रोग्यांवर ही शस्त्रक्रिया झाली.

वजन भराभर उतरले. पण त्यामागोमाग न थांबणारे जुलाब, मूतखडे, सांधेदुखी आणि, सर्वांत भयंकर, यकृताचा ऱ्हास सुरू झाला. अन्नातील प्रथिने, क्षार, जीवनसत्त्वे सारेच वाया जात असल्याने स्नायू झिजले. कीज यांच्या प्रयोगशाळेत जे सहा महिने घडले, ते या रोग्यांच्या शरीरात वर्षानुवर्षे घडत राहिले. अनेकांचा वळणमार्ग पुन्हा शस्त्रक्रिया करून मोडावा लागला, आणि १९८० च्या सुमारास ही पद्धत सोडून देण्यात आली.

हृदयापुरता धडा मात्र शस्त्रक्रियेबाहेरच्या एका घटनेने अधिक कठोरपणे शिकवला. १९७६ नंतर अमेरिकेत 'द्रव प्रथिनांचा' आहार लोकप्रिय झाला. दिवसाकाठी केवळ एक पातळ पेय घ्यायचे आणि बाकी काही खायचे नाही. हे पेय जनावरांच्या कातडी व तत्सम भागांतील कोलॅजनपासून बनवलेले, म्हणजे नावाला प्रथिन असले तरी निकृष्ट होते. थोड्याच काळात सुमारे साठ माणसांचे मृत्यू नोंदले गेले. मरण पावलेल्यांत आधी धडधाकट असलेल्या तरुण स्त्रिया होत्या. हृदयाच्या विद्युत्‌लहरी बिघडून त्यांची हृदये अकस्मात थांबली होती. शवचिकित्सेत हृदयाचे तंतू बारीक झालेले आढळले. वजनकाट्यावर या सर्वांची प्रगती समाधानकारक होती.

आयोवातील वळण

पुढची दिशा डॉ. एडवर्ड मेसन यांनी दाखवली. आयोवा विद्यापीठातील या शल्यविशारदांच्या ध्यानात आले होते, की अल्सरसाठी ज्या स्त्रियांचे अर्धेअधिक जठर काढावे लागले, त्यांचे वजन पुन्हा वाढत नाही. त्यांनी डॉ. चिकाशी इटो यांच्यासह १९६६ मध्ये लठ्ठपणासाठी जठराचा पहिला वळणमार्ग रचला. जठराचा वरचा लहानसा कप्पा वेगळा करायचा आणि तो थेट लहान आतड्याला जोडायचा. येथे भर अन्न वाया घालवण्यावर नव्हता, माणसाला थोडक्यात तृप्त करण्यावर होता. पुढे या जोडणीसाठी स्विस शल्यविशारद सेझार रू यांची इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी रचना स्वीकारली गेली. मेसन २०२० मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी निवर्तले. आपल्या शस्त्रक्रियेतील दोष शोधून ती सुधारत राहणे आणि रोग्यांच्या नोंदी दीर्घकाळ ठेवणे, हा त्यांचा आग्रह होता.

१९९४ मध्ये अमेरिकेतील विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी हीच शस्त्रक्रिया पोट न उघडता, दुर्बिणीच्या साह्याने केल्याचे प्रसिद्ध केले. त्यानंतर जखमेचे व संसर्गाचे भय बरेच कमी झाले. आज जगात सर्वाधिक होणारी पद्धत मात्र वेगळी आहे. तीत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून बाहीसारखी अरुंद नळी ठेवली जाते. भुकेची सूचना देणारे घ्रेलिन हे संप्रेरक १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शोधले. जठराच्या ज्या भागात ते मुख्यत्वे तयार होते, तोच भाग या पद्धतीत काढला जातो.

१९९५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील डॉ. वॉल्टर पोरीज यांनी ६०८ रोग्यांचा चौदा वर्षांचा अनुभव मांडला. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच आश्चर्य होते : असे होईल असे कोणाला वाटले असते ? वळणमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर मधुमेही रोग्यांपैकी दर पाचांतील चौघांहून अधिकांची रक्तशर्करा सामान्य राहिली होती. आणि ती वजन उतरण्याआधी, काही दिवसांतच सुधारली होती. आतड्यांतून स्रवणाऱ्या संप्रेरकांचा हा परिणाम होता. जी शस्त्रक्रिया केवळ पोट लहान करणारी वाटत होती, ती शरीराचा अंतर्गत संवाद बदलत होती.

स्वीडनची साक्ष

तरीही मूळ प्रश्न उरतोच : हृदय वाचते का ? याचे सर्वांत भक्कम उत्तर पुन्हा गोथेनबर्गनेच दिले. डॉ. लार्स श्योस्ट्रोम यांनी १९८७ मध्ये एक अभ्यास सुरू केला. शस्त्रक्रिया करून घेतलेले २,०१० आणि त्यांच्याशी जुळणारे पण शस्त्रक्रिया न केलेले २,०३७ असे स्थूल स्त्री-पुरुष त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्या गटात १०१ मृत्यू झाले होते, तर दुसऱ्या गटात १२९. २०१२ मध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला गेला. अशा विकारांनी झालेले मृत्यू एकीकडे २८, तर दुसरीकडे ४९ होते. विशेष म्हणजे, ज्याचे वजन जितके अधिक त्याला लाभ तितका अधिक, असे दिसले नाही. ज्यांच्या रक्तात इन्शुलिनची पातळी आरंभी अधिक होती, त्यांना लाभ अधिक झाला. याचा अर्थ काटा हा येथे उत्तम न्यायाधीश नव्हे.

२०२० मध्ये याच अभ्यासाचा आणखी एक हिशेब आला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुर्मान, न झालेल्यांपेक्षा तीन वर्षांनी अधिक होते. तथापि सर्वसामान्य जनतेपेक्षा ते अजूनही साडेपाच वर्षांनी कमीच होते. हे दोन्ही आकडे एकत्र वाचले पाहिजेत. पहिला आशा देतो, दुसरा अतिशयोक्तीपासून वाचवतो.

हृदयात प्रत्यक्ष काय बदलते, हे प्रतिध्वनी चिकित्सेने दिसते. काही महिन्यांत रक्तदाब उतरतो, झोपेतील श्वासरोध कमी होतो, हृदयाभोवतीची चरबी घटते आणि डाव्या जवनिकेची जाड झालेली भिंत पुन्हा पातळ होऊ लागते. येथेही हृदयाचे वस्तुमान घटतेच, पण या घटीत आणि मिनेसोटातील घटीत मोठे अंतर आहे. एका हृदयाचे ओझे उतरलेले असते. दुसऱ्याचे पोषण तुटलेले असते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला प्रथिने मिळत राहिली, तर तो पहिल्या वाटेवर असतो. ती मिळाली नाहीत, सतत उलट्या होत राहिल्या, तर तो नकळत दुसऱ्या वाटेला लागू शकतो.

मांसाचे दारिद्र्य

सेमिनरीत ग्रीक शिकलेल्यांना 'सार्क्स' हा शब्द परिचित आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शब्द देही झाला असे सांगताना हाच शब्द येतो. देह, मांस असा त्याचा अर्थ. १९८९ मध्ये अमेरिकी वैद्य अर्विन रोझेनबर्ग यांनी त्याला 'पेनिया', म्हणजे दारिद्र्य, हा शब्द जोडून 'सार्कोपेनिया' ही संज्ञा घडवली. वयानुसार स्नायूंचा जो ऱ्हास होतो, त्याला तोवर नावच नव्हते, आणि ज्याला नाव नाही त्याकडे वैद्यकाचेही लक्ष जात नाही.

शस्त्रक्रियेनंतर उतरलेल्या वजनापैकी ढोबळमानाने पाव हिस्सा चरबीचा नसतो. त्यात पाणी असते, इतर ऊती असतात आणि स्नायूही असतात. ही घट मुख्यत्वे पहिल्या सहा महिन्यांत होते. तिचा काही भाग स्वाभाविकही आहे. सव्वाशे किलोंचा देह रोज वाहून नेणाऱ्या पायांचे स्नायू मोठे झालेले असतात; भार उतरल्यावर तेवढ्या स्नायूंची गरज राहत नाही. म्हणून हाताच्या मुठीचा किंवा मांडीचा एकूण जोर कमी झालेला आढळला, तरी शरीराच्या वजनाच्या मानाने तो बहुधा वाढलेलाच असतो आणि माणूस अधिक चालू शकतो. तरुणाच्या बाबतीत हा व्यवहार फायद्याचा ठरतो.

साठी ओलांडलेल्या आजीची किंवा वर्षानुवर्षे बैठे आयुष्य काढलेल्या गृहस्थाची गोष्ट वेगळी. त्यांची स्नायूंची शिल्लक आधीच थोडी असते. तीतून पाव हिस्सा गेला, तर पाटावरून उठणे, बस पकडणे, घसरताना स्वतःला सावरणे अवघड होते. हाडांची झीजही सोबत होत असल्याने पडणे आणि मोडणे यांतील अंतर कमी होते. पुढे वजन परतले, आणि काहींचे ते काही प्रमाणात परततेच, तर परत येते ती बव्हंशी चरबी. गेलेला स्नायू आपोआप परत येत नाही.

यावरचे उपाय साधे, पण चिकाटीचे आहेत. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. आणि वळणमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर नव्या जठरकप्प्यात आरंभी जेमतेम दोन मोठे चमचे मावतात. म्हणजे ६० ग्रॅम हा आकडा वाटतो तितका सोपा नाही. यास्तव जेवणात पहिला घास मासळी, अंडे, डाळ, मटकी, पनीर यांचा असावा, भात-भाकरी नंतर. दुसरा उपाय वजने उचलण्याचा, खुर्चीवरून हात न टेकता वारंवार उठण्याचा, म्हणजेच स्नायूंना काम देण्याचा व्यायाम. नुसते चालणे हृदयाला चांगले; पण स्नायू राखण्यास ते पुरत नाही.

तिसरी सावधगिरी जीवनसत्त्वांची. ब-१ जीवनसत्त्वाचा साठा शरीरात फारतर दोन-तीन आठवड्यांचा असतो. शस्त्रक्रियेनंतर उलट्या थांबेनात, तर तो संपतो आणि बेरीबेरी हा जुना रोग नव्याने उद्भवतो. १८९० च्या दशकात जावा बेटावर डच वैद्य आइकमन यांनी पॉलिश केलेल्या तांदळावर वाढलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडताना पाहिले. त्या शोधासाठी त्यांना १९२९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हाच अभाव माणसाचे पाय दुबळे करतो, हृदय फुगवतो आणि मेंदूलाही कायमची इजा करू शकतो. वेळीच दिलेल्या साध्या इंजेक्शनाने तो टळतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरच्या वारंवारच्या उलट्या 'होतच असतात' म्हणून घरी सोसू नयेत. ब-१२, ड जीवनसत्त्व आणि लोह यांची तपासणीही आयुष्यभर करावी लागते.

आणखी दोन गोष्टी घरातल्या माणसांनी लक्षात ठेवाव्यात. वळणमार्गानंतर मद्य रक्तात फार लवकर चढते, आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या वर्षी मद्याच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. लग्नसमारंभात आग्रहाने पेला पुढे करणाऱ्या नातलगांनी हे ऐकून ठेवलेले बरे. दुसरी गोष्ट मनाची. यूटा राज्यातील २००७ च्या मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचे एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ५६ टक्क्यांनी कमी होते. परंतु अपघात, आत्महत्या यांसारखे रोगेतर मृत्यू मात्र अधिक होते. हृदयाचे ओझे उतरले तरी मनाचे उतरतेच असे नाही.

पुण्याहून आलेला प्रश्न

पाश्चात्त्य मोजपट्टी आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाही, हे दाखवून देण्यात पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा वाटा मोठा आहे. १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी मातांचा व बालकांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालके सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपली बाळे लहान होती, पण सर्व बाजूंनी सारखी लहान नव्हती : स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले. दोघांचा बी. एम. आय. तंतोतंत २२.३, पण युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के.

या वस्तुस्थितीला दोन बाजू आहेत. एक अशी, की भारतीयाला मधुमेह व हृदयविकार कमी वजनावरही गाठतात. १९९१ मध्ये अमेरिकेत शस्त्रक्रियेसाठी बी. एम. आय. ४०, किंवा अन्य विकार असल्यास ३५, ही मर्यादा ठरली होती. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या संघटनांनी ती शिथिल करताना आशियाई लोकांसाठी २५ पासूनच लठ्ठपणा मानावा आणि २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचवले. दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. ज्याच्याजवळ स्नायूंची पुंजी जन्मतःच थोडी आहे, त्याला ती गमावणे अधिक महाग पडते. म्हणून भारतीय रोग्याची शस्त्रक्रियेपूर्वी केवळ वजन मोजून भागणार नाही. त्याच्या मुठीचा जोर, चालण्याचा वेग, खुर्चीवरून उठण्याची शक्तीही पाहिली पाहिजे.

हा प्रश्न आता शस्त्रक्रियेपुरता उरलेला नाही. आतड्यांतील संप्रेरकांचे जे गूढ पोरीज यांच्या रोग्यांत दिसले, त्याच्याच अनुकरणातून आठवड्यातून एकदा टोचायची औषधे तयार झाली. त्यांपैकी सेमाग्लुटाइड हे औषध १७,६०४ हृदयरोग्यांच्या चाचणीत तपासले असता हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि तत्संबंधी मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. २०२५ मध्ये अशी औषधे वजन उतरवण्यासाठी भारतातही विक्रीस आली. त्यांच्यामुळे उतरणाऱ्या वजनातही स्नायूंचा हिस्सा असतोच. सुरी गेली आणि सुई आली, तरी प्रथिनांचे व व्यायामाचे पथ्य तेच राहिले.

या इतिहासातून कुटुंबांनी काय घ्यावे ? ज्याचे वजन श्वासावर, साखरेवर, हृदयावर बेतले आहे, त्याला शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, तर तो पळवाट शोधतो आहे असे म्हणू नये. स्वीडनच्या अभ्यासात नव्वद दिवसांत मृत्यू पावलेले शस्त्रक्रियेच्या गटात २,०१० पैकी पाच होते. धोका आहे, पण तो उपचाराविना राहण्याच्या धोक्याशी ताडून पाहायचा असतो. त्याच वेळी, शस्त्रक्रिया म्हणजे एका सकाळी संपणारे काम, असेही मानू नये. डॉक्टर जठर लहान करू शकतात. रोज ताटात काय पडेल, औषधाची गोळी दहाव्या वर्षीही घेतली जाईल की नाही, संध्याकाळी व्यायामाला कोणी सोबत करील की नाही, हे घर ठरवते. लठ्ठ सांचोलाही त्याची आजी लाभली होती. वृद्धापकाळात शत्रूच्या दरबारी जाण्याचा कमीपणा तिने पत्करला. नातवाला नावे ठेवत ती बसली नाही.